ओरिनकाकांची लाल ठिपक्याची काडतुसं

ओरिनकाका गेले तेव्हा आमच्या गावच्या साप्ताहिकात सहा ओळी आल्या. त्यातली पाचवी अशी होती: 'वयोमानामुळे एकदा काडतूस भरताना हात चुकला व अपघातात उजवा डोळा गमवावा लागला.' ही ओळ माझ्या नवऱ्याने, डेल्मरने, लिहून दिली होती. माझ्यासमोर, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, अंडी खाता खाता. पेपर आला तसा मी तो चुलीत घातला, पण त्याने काय होतंय. अजून गावात ओरिन स्टॅलकप हे नाव काढलं की कोणीतरी म्हणतंच, 'हां, तो म्हातारा, ज्याचा हात चुकला.' शी. हात कुणाचा चुकला ते मला माहीत आहे, कारण त्यातला एक माझा होता. डेल्मर आत्ता शेजारच्या खोलीत टीव्हीसमोर पाय पसरून झोपलाय. ऐकू गेलं तर जाऊ दे, मी आता त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि मला कुणाचं काही पडलेलं नाही.

काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही. चाळीस वर्षं लोकांची गुरं राखली, मग डोंगराच्या पायथ्याशी थोडी जमीन घेऊन स्वतःच्या बारा-पंधरा गाई पाळल्या. बोलणं कमी, पण बोलले की समोरच्याला दिवसभर पुरायचं. त्यांच्या वडिलांची एक जोडी त्यांच्याकडे आली होती: लिव्हरवाली रायफल आणि तिला जुळणारं रिव्हॉल्व्हर. जुळणारं म्हणजे दिसायला नव्हे. रायफलीचा दस्ता तडकलेला, तांब्याच्या तारेने बांधलेला, आणि रिव्हॉल्व्हरची मूठ पिवळ्या पडलेल्या हाडाची. जुळायचं ते काडतूस. दोघांना एकाच मापाचं, फॉर्टी-फोर. कमरेला एक पट्टा बांधायचा आणि आठ दिवस डोंगरात राहायचं. लांबच्या हरणाला रायफल, पायाशी आलेल्या सापाला रिव्हॉल्व्हर, आणि दोघांचं खाणं त्याच पट्ट्यात. आमच्या खोऱ्यात अशी जोडी मोडत नाहीत. भावाभावांत जमीन वाटतील, गुरं वाटतील, बापाच्या घड्याळासाठी कोर्टात जातील, पण जोडी एकालाच जाते.

आता यात एक मेख होती. रायफल तगडी होती, रिव्हॉल्व्हर म्हातारं. ज्या फिरत्या चक्रात गोळ्या बसतात त्याच्या भिंती पातळ. म्हणून काका दोन तऱ्हेची काडतुसं भरत. एक हलक्या दारूची, ती दोघांनाही चालायची. दुसरी जोरदार, ती फक्त रायफलीला, लांबच्या नेमासाठी. बाहेरून दोन्ही अगदी सारखी. ओळखायला म्हणून जोरदार काडतुसाच्या बुडाला काका काडीच्या टोकाने फाटकाच्या लाल रंगाचा ठिपका द्यायचे. पट्ट्याच्या डाव्या बाजूला पंचवीस साधी, उजव्या बाजूला पंचवीस लाल.

ग्लेनिसच्या खानावळीत सकाळी बसणारी पुरुषमंडळी यावरून त्यांची खेचायची. हार्लो विट म्हणून एक शेजारी होता, तो म्हणाला, "ओरिन, एकच पट्टा हवा म्हणून जोडी ठेवायची आणि त्यात पुन्हा दोन भाग करायचे. मग जोडीचा उपयोग काय, चाटायचा?"

काका म्हणाले, "तू आणि तुझी बायको एकाच टेबलावर जेवता. तुझ्याएवढे बटाटे तिला वाढतोस का?"

हे मला हार्लोनेच सांगितलं, पण फार नंतर. तेव्हा मला ठिपक्यांचं काही माहीत नव्हतं, आणि हेच माझं दुर्दैव. मी शहरातली, कापडाच्या दुकानदाराची मुलगी. काका अर्ध्या खोऱ्याला काडतुसं भरून द्यायचे. कॉफीच्या रिकाम्या डब्यात, झाकणावर ज्याचं त्याचं नाव. कुणी त्याबद्दल बीफचा तुकडा आणून द्यायचं, कुणी घरी भाजलेली फळांची पाई. लोक दुकानातलं काडतूस घेताना दहादा विचार करायचे आणि काकांचं डोळे मिटून भरायचे. दहा वर्षं मी ते डबे पोचवले. पण लोकांना दिलेली सगळी साधी असायची. लाल काका फक्त स्वतःपुरती करत.

अठ्ठ्याऐंशी साली आमच्या परगण्याला शंभर वर्षं झाली. चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची परेड मोठी करायचं ठरलं, आणि डेल्मर समितीत. समितीत काय, समितीच्या डोक्यावर. चांदीचं बक्कल, नवे बूट, आरशासमोर हॅट तिरकी करून बघणं. काकांना सगळ्यात पुढे घोड्यावर बसवायचं, अंगावर ती जोडी, शेजारी स्वतः डेल्मर, आणि पेपरात फोटो. काका तयार नव्हते. डेल्मरने आठवडाभर त्यांचा पिच्छा पुरवला तेव्हा कुठे हो म्हणाले. मग हा पट्टा घेऊन घरी आला आणि माझ्या पुढ्यात टाकला. म्हणाला, "मर्ना, ही काडतुसं काळी पडलीयेत. फोटोत चमकली पाहिजेत."

मी पन्नासच्या पन्नास काढली आणि व्हिनेगर-मिठाने घासायला बसले. बुडाला लाल दिसत होतं. मला वाटलं कुठे फाटक रंगवताना शिंतोडे उडालेत. तेही खरवडून काढलं. फार मन लावून काढलं, सुईने कडा साफ केल्या. सगळी टॉवेलवर एकत्र वाळत घातली.

डेल्मर आत आला आणि टॉवेलकडे बघून जागच्या जागी थांबला. "लाल कुठेत?"

"कसली लाल?"

तेव्हा त्याने मला सांगितलं. सगळं कळल्यावर म्हटलं, "मग त्यात काय, काकांना सांगू. रागावतील, ही फेकून देतील, नवीन भरतील. दोन तासांचं काम."

"आणि परवा परेड आहे त्याचं काय? तू काकाला ओळखत नाहीस. ज्याला पट्टा नीट सांभाळता येत नाही त्याला जोडी कशी देऊ, असं म्हणेल. ती जोडी मला यायचीय, मर्ना. दुसरं कुणी नाही."

"मग करणार काय?"

तो आत गेला आणि माझ्या आरशापुढची नखरंगाची बाटली घेऊन आला. सगळ्यात भडक लाल होता तो. टेबलाशी बसला, ढिगातली हाताला येतील ती पंचवीस काडतुसं उचलली, आणि एकेकाच्या बुडाला ठिपका देत गेला. शीळ घालत होता. हे मी विसरू शकत नाही. शीळ घालत, जीभ ओठाबाहेर काढून, ठिपका गोल यावा म्हणून काळजी घेत होता. कुठलं जोरदार, कुठलं हलकं, त्याला माझ्याएवढंच माहीत, म्हणजे काहीच नाही.

मी म्हटलं, "डेल्मर, यात जीव जाईल कुणाचातरी."

"परेडमध्ये कोण गोळ्या झाडतंय? परेड संपली की सोमवारी पट्टा मागून आणतो आणि सगळी बदलतो. तू फक्त तोंड बंद ठेव."

मी ते ठेवलं. सांगायला लाज वाटते, पण ठेवलं.

काकांनी पट्टा हातात घेतला तेव्हा हसले. म्हणाले, "लग्नाला निघाल्यासारखी दिसतायत सगळी." परेड झाली. पेपरात फोटो आला, त्यात डेल्मरची हॅट काकांच्या तोंडावर आलेली. सोमवार आला आणि गेला. डेल्मर म्हणाला, गवत कापायचंय. पुढचा सोमवार. मग म्हणाला, आत्ता मागितला तर काकाला संशय येईल. मग म्हणाला, रोज रोज तेच काय लावलंयस. बदलायची तर काडतुसं भरता यायला हवीत, आणि ते त्याला येत नव्हतं, ते तरी मला कबूल करायचं होतंस रे बाबा.

मी एकदा सांगायचं म्हणून गेले. खरंच गेले. रूबार्बच्या देठांची गोड पाई करून नेली. काकांनी खुर्चीवरचं खोगीर उचलून मला जागा करून दिली, कॉफी ओतली, आणि मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "जोडी मी डेल्मरला देणार आहे. त्याच्यासाठी नाही हं. तू आहेस म्हणून. त्या घरात एक तरी माणूस विचार करून वागतं." यावर मी काय बोलणार होते? बोलायला हवं होतं, आणखी काय. पाई कापली, दोघांनी खाल्ली, मी ताटली धुतली आणि घरी आले. दुसऱ्यांदा फोन केला. त्यांनी उचलला, आणि मी पावसाचं विचारून ठेवून दिला. उन्हाळ्यात काका सहसा गोळी झाडत नसत. प्रत्येक दिवस नीट गेला की मला वाटायचं, टळलं. माणूस किती खालच्या थराला जातो बघा, दुसऱ्याच्या नशिबावर स्वतःची झोप काढतो.

सप्टेंबरात डोंगरावरची गुरं खाली आणली. मी गाडीतून कॉफी आणि सँडविच घेऊन गेले होते. फाटकापाशी जमिनीत लोखंडी गजांची जाळी असते, गुरांनी ओलांडू नये म्हणून. त्यात एका गोऱ्ह्याचा पुढचा पाय अडकून मोडला होता. हाड बाहेर आलेलं, आणि ओरडणं असं की कानात बोटं घालावीत. डेल्मर घोड्यावर, जरा लांब. काका खाली उतरले. रायफल खोगिराला होती, पण इतक्या जवळून रायफल कशाला. त्यांनी रिव्हॉल्व्हर काढलं. सकाळी सापावर झाडून ते रिकामं झालेलं, म्हणून पट्ट्याच्या डाव्या बाजूची पाच साधी काडतुसं भरली. न बघता, बोटांनी. चाळीस वर्षं तशीच भरत आले होते.

म्हणजे सकाळी त्यांनी पाच झाडली होती आणि काही झालं नव्हतं. माझ्या मनात तेच आलं. मी डेल्मरकडे बघितलं, डेल्मरने माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली, नाही म्हणून.

पहिली गोळी गोऱ्ह्याने मान फिरवल्यामुळे कानाशी लागली. रिव्हॉल्व्हर ठीक. मला सुटल्यासारखं वाटलं, देवाशपथ. काकांनी दुसऱ्यांदा चाप ओढला आणि चक्राचा वरचा अर्धा भाग उडून गेला. आवाज गोळीसारखा नव्हता, भट्टीचं दार आपटल्यासारखा होता. काका उभेच होते. एका हाताने तोंड झाकलेलं आणि बोटांमधून रक्त. "डेल्मर," ते म्हणाले, "आधी त्या जनावराला सोडव." आणि मग खाली बसले.

दवाखान्यात डोळा काढावा लागला. नेमाचा डोळा. शेरीफचा माणूस विचारायला आला तेव्हा खोलीत आम्ही दोघं होतो. काका म्हणाले, "माझीच चूक. जोरदार दारू साध्यात भरली असणार. वय झालं." त्याने लिहून घेतलं. डेल्मरने माझा हात दाबला, आनंदाने. मी हात सोडवून घेतला आणि बाहेर गेले.

यानंतर जे झालं ते डोळ्याहून वाईट. पहिला डबा हार्लोने आणला. रात्री-अपरात्री नाही, चांगला उजेडात आला, पण दार वाजवलं नाही. काकांच्या व्हरांड्यात ठेवून गेला. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. कॉफीचे डबे, झाकणावर काकांच्याच अक्षरात नावं. आठवड्याभरात एकोणीस डबे. कुणी वाईट बोललं नाही, सगळे सभ्य लोक आहेत आमच्याकडे. फक्त काकांनी भरलेलं काडतूस आता कुणी बंदुकीत घालणार नव्हतं. आणि डेल्मर ग्लेनिसच्या खानावळीत बसून सांगत होता, "मी काकाला कधीचा म्हणत होतो, आता पुरे कर. हात थरथरतो त्याचा." लोक त्याच्या पाठीवर थाप मारत. पुतण्या असावा तर असा.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, काका जेवायला आले. जेवण झाल्यावर गाडीतून रायफल आणली आणि डेल्मरच्या हातात दिली. "जोडी मोडत नाहीत," म्हणाले, "पण मोडली. ही राहिलीय, घेतोस का?"

मला वाटलं आता तरी हा रडेल, पाया पडेल, काहीतरी करेल. डेल्मरने दस्त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "काका, तार काढून नवीन दस्ता बसवला तर झकास दिसेल." त्याच संध्याकाळी खिळे ठोकून भिंतीवर टांगली. अजून तिथेच आहे.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी काकांकडे गेले. बसलेही नाही. "काका, ठिपके मी घासून काढले. पुन्हा रंगवले डेल्मरने, अंदाजाने. मला माहीत होतं. जुलैपासून माहीत होतं."

ते कॉफी ओतत होते. एका डोळ्याने कपाचा अंदाज चुकायचा, म्हणून कड बोटाने चाचपून ओतायचे. "ठाऊक आहे," म्हणाले. "दवाखान्यातून आलो आणि पट्ट्यातली उरलेली सगळी फोडून तोलली. लालमधल्या अकरांत हलकी दारू निघाली. आणि तो रंग फाटकाचा नव्हता."

"मग स्वतःवर का घेतलंत?"

"घरातलं माणूस आपणहून येऊन सांगेल म्हटलं. शेरीफने आणून उभं करण्यापेक्षा ते बरं. दोघांपैकी एक येईल असं धरून चाललो होतो." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "फार वेळ लावलास गं तू."

"मी गावात सांगते. आज सांगते."

"माझ्या डोळ्यासाठी सांगू नकोस, तो काही यायचा नाही. त्या डब्यांचं सांग."

मी तिथून सरळ ग्लेनिसकडे गेले. सकाळची सगळी टोळी होती, डेल्मरही होता, पॅनकेकवर सरबरीत पाक ओतत. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. व्हिनेगर, नखरंग, शीळ, सगळं. डेल्मर म्हणाला, "हिला बरं नाहीये," आणि पॅनकेक कापत राहिला. पण त्याच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही, ते चेहऱ्यांवर दिसत होतं. ग्लेनिसने माझ्याकडे बघितलं ते झुरळाकडे बघावं तसं, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

हार्लोने हॅट उचलली. "सांगितलंस ते बरं केलंस, मर्ना," म्हणाला. "ओरिनची चूक नव्हती, कळलं आम्हाला."

"मग डबा न्यायला कधी येताय?"

तो बाहेर बघायला लागला. "दुकानातली आणलीत आता. बायको म्हणते, उगाच धोका कशाला. एकदा मनात आलं की..." बाकीच्यांनी माना खाली घातल्या. सगळ्यांना खरं कळलं, आणि एकालाही आपला डबा नको होता. डेल्मरबद्दल मला किळस आहेच, माझ्याबद्दलही आहे, पण त्या दिवशी त्या गरम खानावळीत, बेकनच्या वासात, त्या सभ्य खाली घातलेल्या मानांची जी किळस आली ती वेगळीच.

काका नाताळपर्यंत विचारायचे, "कुणी डब्याचं काही बोललं का गं?" मी म्हणायची, बर्फ आहे ना, रस्ता खराब आहे. मग विचारायचे थांबले. जानेवारीत त्यांनी सगळे डबे आत घेतले, टेबलावर तराजू मांडला आणि एकेक काडतूस फोडायला लागले. पकडीने गोळी ओढायची, दारू तराजूच्या ताटलीत ओतायची, बघायची. मला म्हणाले, "आकडा तू वाच. मला बारीक दिसत नाही." मी रोज दुपारी जायची. डेल्मरने विचारलं नाही, कुठे जातेस. त्याला सोडून मी गेले नाही, कुठे जाणार होते, आणि हे कारण पुरेसं नाही हे मला कळतं.

आकडा वाचताना माझ्या मनात एक पाप होतं. वाटायचं, एखादं तरी चुकीचं निघावं. एकच. म्हणजे आमचा भार थोडा हलका होईल, हार्लोची बायको थोडी बरोबर ठरेल. मी प्रत्येक ताटलीकडे त्याच आशेने बघत होते.

एप्रिलमध्ये शेवटचा डबा संपला. अकराशे सहा काडतुसं. साध्यात जोरदार एकही नाही, एकाही काडतुसात दाणाभर कमीजास्त नाही. मी तसं म्हटलं. काकांनी मान हलवली, जसं काही हे त्यांना कधीच नवीन नव्हतं. त्या आठवड्यात ते झोपेतच गेले. हार्लोने शवपेटीला खांदा दिला, आणि कबरीपाशी मला विचारलं, "तराजूवर काय निघालं म्हणे?" मी सांगितलं.

"असंच निघणार होतं," हार्लो म्हणाला. "ओरिन कधीच चुकायचा नाही."